गच्चीवरचं मिठाचं मशीन

३ फेब्रुवारी, मंगळवार

फेस नाही! दोनदा शांपू ओतला, तरी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या केसांत फेस म्हणून नाही. बाई बेसिनवर मान टाकून, डोळे मिटून निवांत. आणि मी वरून घासतेय, घासतेय – करपलेली कढई घासावी तशी. शेवटी त्याच म्हणाल्या, आज हात जड लागतोय तुमचा. हात नाही हो बाई, पाणी जड झालंय! पण गिऱ्हाइकाला असं सांगायचं नसतं. नवीन शांपू आहे, फेस कमी, गुण जास्त – म्हणून ठोकून दिलं. त्यांना पटलं. जाताना एक बाटली विकत मागत होत्या. कसंबसं टाळलं.

संध्याकाळी पार्लर आवरताना नीट पाहिलं. नळाच्या तोंडाशी पांढरं साचलंय. आरशावर उडालेले थेंब पुसले तरी ठिपके राहतात. टॉवेल वाळून असे कडक झालेत की भिंतीला उभे करून ठेवावेत. म्हणजे गच्चीवरचं मशीन गेलं. दुसरं काही नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

मशीनच. आज एका बाईंना काळा रंग लावला तो तांबूस उतरला. फुकटात परत लावून दिला. उद्या वर जाऊन जाऊबाईंशी बोलावं लागणार. बोलावंच लागणार!

५ फेब्रुवारी, गुरुवार

गेले वर. बोलले. आणि डोकं फिरवून घेऊन खाली आले.

हे घर दोघा भावांनी मिळून बांधलं. वर थोरले भाऊजी आणि जाऊबाई, खाली आम्ही, पुढच्या खोलीत माझं पार्लर. बोअरचं पाणी म्हणजे नुसता चुना. म्हणून तेव्हाच पाणी मऊ करायचं मशीन बसवलं – गच्चीवर, टाकीला लागून, दोन्ही मजल्यांना मिळून एकच. गच्चीचा जिना जाऊबाईंच्या घरातून. मशीनच्या पिंपात मीठ घालायचं ते एक महिना त्यांनी, एक महिना मी. हे सगळं तुला माहीत आहे, वही. तरी लिहितेय, कारण आज पहिल्यांदा हे मोडायची भाषा झाली.

मी म्हटलं, ताई, मशीन बिघडलंय, माणूस बोलावून दुरुस्त करून घेऊ. तर कांदा चिरता चिरता, मान वरसुद्धा न करता म्हणाल्या, "जुनं झालंय ते. काढूनच टाकू. तू आपलं छोटं मशीन घे खाली, मागच्या दाराशी. तुझं तुझ्यापाशी."

तुझं तुझ्यापाशी! जीभ अडखळलीसुद्धा नाही. जसं काही आधी घोकूनच ठेवलं होतं.

कशावरून आलंय हे ते मला कळतं. गेल्या वर्षी माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या फाटकासमोर लागतात यावरून आमचं वाजलं. शब्दाने शब्द वाढला. मी म्हटलं, माझं पोट आहे त्यावर. त्या म्हणाल्या, मग आम्ही काय उडत घरात जायचं? तेव्हापासून बोलणं आहे, नाही असं नाही. पण 'सिलेंडर आला का', 'पंप बंद केलास का' एवढंच. पूर्वी दुपारचा चहा एकत्र व्हायचा. तो गेला तो गेलाच.

चुली पहिल्यापासून वेगळ्या. त्याचं काही नाही. पण एका टाकीचं पाणी दोन्ही घरांत येतंय तोवर आम्ही एक घर आहोत, असं मला वाटतं. वेडेपणा असेल. असू दे. मी नवीन मशीन घेणार नाही. तेच दुरुस्त होईल, आणि मी ते करून दाखवीन.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नवरोबाला सगळं सांगितलं. पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "वहिनी म्हणतात तसं कर ना." मी विचारलं, का? म्हणाला, उगाच. हा माणूस म्हणजे पालथा घडा! नवीन घेणं किती महागात जाईल ते सांगितलं, तरी नुसतं हूं. एरवी गाडीचा टायर बदलायचा तर चार दुकानं हिंडतो.

९ फेब्रुवारी, सोमवार

पार्लरला सुट्टी. मशीनवाल्याला बोलावून घेतला. गच्चीवर आम्ही तिघं – तो, मी, आणि न बोलावता आलेल्या जाऊबाई.

त्याने मशीनच्या उंच टाकीवर बोटाने टकटक केलं, नळाचं पाणी तळहातावर घेऊन चोळलं, मिठाच्या पिंपाचं झाकण उघडलं, बंद केलं. म्हणाला, मीठ तर काठोकाठ आहे, म्हणजे दोष आतल्या मण्यांचा. टाकीत बारीक पिवळे मणी असतात, ते पाण्यातला चुना धरून ठेवतात. रात्री मशीन मिठाच्या पाण्याने ते मणी धुऊन घेतं, की सकाळी पुन्हा तयार. पण आता मणी मेलेत म्हणे. नवीन मशीन घ्या बाई, पुढे आकडे दिसतात, दिवा लागतो. मला दिवा नको, फेस हवाय! असं म्हटलंसुद्धा. हसला नाही.

जाऊबाई लगेच, मी तेच सांगतेय हिला. आणि मग त्याला असं खोदून खोदून विचारायला लागल्या – खालच्या मजल्याची पाइप वेगळी करता येईल का, मागच्या दाराशी जागा पुरेल का. शेवटी विचारलं, "म्हणजे गच्चीत कोणी यायची गरज नाही ना? सगळं हिच्याच दारात?"

ऐकलंस! म्हणजे मी गच्चीत पाऊलसुद्धा ठेवायचं नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर माझी सावली पडते बहुतेक. मशीनवाला फीत घेऊन माझ्या मागच्या दाराची मापं घ्यायला निघाला. मी म्हटलं, मापं राहू द्या, चहा घ्या आणि या.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हट्टाला पेटले आहे. बरं वाटतंय!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोक्यांवर हात आणि माझ्या डोक्यात मशीन. मणी मेले, मणी मेले – पण मेले कशाने? धुतले गेले नाहीत तर मळणारच ना ते. आणि धुतले का गेले नाहीत? मीठ तर काठोकाठ. मग ते कमी का होत नाही? मीठ वापरलं जात असेल तर ते खाली जायला हवं. आमचं पिंप मात्र कधी बघावं तेव्हा भरलेलंच. इथेच काहीतरी पाणी मुरतंय.

नवरोबाला म्हटलं, मला कळलंय. म्हणाला, काय? म्हटलं, अजून नक्की नाही, पण कळलंय. तो म्हणाला, झोप आता.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकले! सावकाश लिहिते. अजून हसू येतंय.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. लादी पुसायची दांडी घेतली आणि तडक गच्चीवर. जाऊबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. काय करतेस ग, म्हणाल्या. मी थेट पिंपाशी. झाकण काढलं आणि दांडी मिठात खुपसली. खुपसली कसली – ठक्! दगडावर आपटावी तशी. पुन्हा मारली. ठक्! वरचं मीठ सगळं एकमेकांना धरून बसलं होतं.

मी पिंपावर ओणवी होऊन जोर लावतेय, पाय हवेत जायला लागले, तर जाऊबाईंनी मागून कंबर धरली. अगं पडशील, अगं मिठात पडशील! आणि तेवढ्यात कडकन् थर फुटला, दांडी खाली सुळकन् गेली आणि मी कोपरापर्यंत आत. खाली पोकळ! वर विटेएवढा जाड थर, त्याच्याखाली वीतभर रिकामं, आणि तळाला नुसतं पाणी. मीठ पाण्याला शिवतच नव्हतं. मशीन बिचारं रोज साध्या पाण्याने मणी विसळत होतं.

दोघी मिळून ढेकळं फोडायला बसलो. ती हात घालून तळापर्यंत ढकलली. मी म्हटलं, एवढं मीठ आलं कुठून? जास्त भरलं की असंच धरतं ते, दमट हवेने. जाऊबाईंनी हातातलं ढेकूळ खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तू घालत होतीस?"

"माझ्या महिन्यात घालत होते. आणि... तुमच्यापण."

"माझ्या महिन्यात कशाला?"

खरं सांगून टाकलं. भांडणानंतर तुम्ही कुठलं मीठ घालताय असं वाटलं, म्हणून दर महिन्याला गुपचूप येऊन घालत होते. तुम्ही भाजीला गेलात की यायचे. म्हटलं, घालू आपणच, उगाच बोलणं नको.

जाऊबाईंनी पदराने तोंड झाकलं. मला वाटलं रडतायत. हसत होत्या! "अगं, मीही दर महिन्याला घालत होते. म्हटलं, रागावलीये ही, घालायची नाही. आणि हिचं तर पोटच या पाण्यावर."

मग काय! गच्चीच्या कट्ट्यावर टेकून दोघी जणी अशा हसलो की भाऊजी खालून काठी आपटत विचारायला लागले, काय झालं, कोण पडलं. दोघी रुसलेल्या, आणि दोघीही एकमेकींच्या वाटचं मीठ घालतायत. दोघींच्या उपकारांनी मशीनचा घसा बसला.

वर चहा झाला. एका वर्षाने. लिहायला नको, पण डोळे भरून आले. त्यांचे नाही, माझे.

१४ फेब्रुवारी, शनिवार

फेस!

थोडासाच. पण फेस.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मशीनवाला परत आला. त्याला सगळं दाखवलं. म्हणाला, भरलेलं पिंप कोण उचकून बघतं बाई. तेही खरंच. मशीनच्या डोक्यावरच्या झडपेतले रबर झिजले होते, ते बदलले. मणी औषधाच्या पाण्याने दोनदा धुऊन काढले. म्हणाला, पाच-सात वर्षं काढेल अजून. मी जाऊबाईंकडे असं बघितलं – आता बोला!

त्या म्हणाल्या, दुरुस्त झालं ते चांगलंच झालं. तरी तू खाली एक घेऊन ठेव.

पुन्हा तेच! पण आवाजात कालपरवाचा तुटकपणा नव्हता. मी म्हटलं, ताई, एक धडधाकट मशीन असताना दुसरं कशाला? ओटीवर पूजा मांडू का त्याची? त्या हसल्या आणि विषय सोडला. सवय दुसरं काय! एकदा तोंडातून गेलं की माघार घेणं त्यांच्या रक्तातच नाही. माझ्याही नाही म्हणा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

केस रेशमासारखे, टॉवेल मऊ, रंग काळाभोर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो नवीन शांपू आता छान फेसतोय. म्हटलं, हो ना, मुरला!

मीठ आता दोघी मिळून घालायचं ठरलंय. महिन्याच्या पहिल्या तारखेला, दुपारी, चहाच्या आधी. पाळी-बिळी काही नाही. माझीच कल्पना. काठी मारल्याने पाणी दुभंगत नाही म्हणतात ते उगाच नाही. एवढंसं मशीन, पण मी ते मोडीत जाऊ दिलं असतं तर आज दोन घरं झाली असती. नवरोबाला म्हटलंसुद्धा – बघ, बाई अडून बसली म्हणून घर राहिलं. तो काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला. कौतुक करायचं असेल. जमत नाही त्याला.

२२ फेब्रुवारी, रविवार

जाऊबाईंची आवराआवर चाललीय. कपाटं रिकामी करतायत. तांब्याचं मोठं पातेलं मला देऊन टाकलं, वर पितळेचे डबे. मी म्हटलं, लेकीला ठेवा की, माझ्या पुतणीला. म्हणाल्या, तिच्या स्वयंपाकघरात कुठे एवढी जागा. भाऊजींचे गुडघे फार दुखतात हल्ली. जिन्याच्या मधल्या वळणावर खुर्ची ठेवलीय, तिथे बसून दम खाऊन मग वर. त्यांना तेल नेऊन दिलं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आज एक नवरा-बायको वर आले होते. भाऊजींच्या ओळखीचे. मी जाऊबाईंना पातेलं घासायची चिंच मागायला गेले तर ही बाई बाथरूममध्ये नळ सोडून बघत होती! कुणाच्या घरी जाऊन नळ सोडून बघतात? पण बोलायला गोड होती. मला विचारलं, इथे पाणी कसं आहे हो?

माझ्या हातात कोलीतच दिलं! म्हटलं, शेजारपाजारी जाऊन विचारा, सगळ्यांकडे चुना पडतो. आमच्याकडे लोणी. गच्चीवर मशीन आहे, दोन घरांना एकच, आत्ताच नव्यासारखं करून घेतलंय. चला दाखवते. घेऊन गेले वर, पिंप उघडून मीठ दाखवलं, केसांना हात लावून बघा म्हटलं. फार खूश झाली बाई. नवऱ्याला बोलावून दाखवलं, मला दोनदा धन्यवाद दिले. खाली आले तर जाऊबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या. चेहरा कसनुसा. पित्त झालं असेल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

जाऊबाई दोन दिवस खाली आल्या नाहीत. चहाला हाक मारली, तर डोकं दुखतंय म्हणाल्या. बघू. परवा पहिली तारीख आहे... नाही, रविवारी. मिठाची पिशवी आणून ठेवली.

१ मार्च, रविवार

मी मीठ घेऊन वर जायच्या आत त्याच खाली आल्या. पार्लरच्या खुर्चीत बसल्या, आरशाकडे पाठ करून. वरचा मजला विकला. ते नवरा-बायको घेतायत. भाऊजींना जिना होत नाही, पुतणीचं घर तळमजल्यावर आहे, तिच्याच गावात. महिनाअखेरीस जाणार. कायमचे.

"गच्ची त्यांच्याकडे जाणार. मिठाची पिशवी घेऊन परक्याच्या दारात उभं राहावं लागू नये तुला, म्हणून म्हणत होते, तुझं तुझ्यापाशी घे."

"मग सरळ सांगायचं ना, ताई."

"सांगितलं असतं, तर तू आम्हालाही दुरुस्त करायला निघाली असतीस. मग माझा पाय निघाला नसता."

नवरोबाला ठाऊक होतं. महिनाभर. वहिनींनी शपथ घातली होती म्हणे. त्याच्याशी भांडायचंही त्राण नाही.

फार रडले. त्यांच्यासमोरच. मग मशीनवाल्याला फोन केला. म्हटलं, उद्या या, दाराची मापं घ्या. छोटं मशीन. एकाच घरापुरतं.